श्रमदान कुणाच्या विहिरीसाठी?

उन्हाळा तोंडावर आला की एक रडगाणं हमखास सुरू होतं. लोकांना सार्वजनिक कामाची चाड राहिली नाही, जो तो आपल्या पोळीवर तूप ओढतो. हे धादांत खोटं आहे. 2016 साली पाणी अडवण्याच्या कामांसाठी पानी फाउंडेशनची पहिली वॉटर कप स्पर्धा झाली, तेव्हा वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांतली 116 गावं तीत उतरली. एप्रिल-मेच्या उन्हात माणसांनी माळ खणले. कोरेगावातल्या वेळू गावानं 50 लाखांचं पहिलं बक्षीस नेलं. दोन वर्षांत तालुके झाले 75. ज्यांना आपण स्वार्थी म्हणतो, तीच ही माणसं.

मग ही माणसं टिकाव कशी उचलतात? मला विचाराल तर, शेजाऱ्यानं उचललेला दिसतो म्हणून. फक्कीनं आखलेल्या रेषेवर ओळीनं माणसं उभी असतात; कुणी खणतंय, कुणी फावड्यानं घमेली भरतंय, कुणी माती खालच्या अंगाला रचतंय. कोण आलं आणि कोण पांघरूण ओढून झोपलं, हे ऊन चढायच्या आत गावभर झालेलं असतं. बँकेत भरलेली देणगी अशी दिसत नाही.

झुरिकच्या संशोधकांनी हे पैशांवर मोजलंय. चार जणांना प्रत्येकी 20 नाणी द्यायची. सामाईक पेटीत जे पडेल त्याचे 1.6 पट करून चौघांत सारखे वाटायचे. सगळ्यांनी सगळं टाकलं तर प्रत्येकाला 32. तिघांनी टाकलं आणि एकानं दाबून ठेवलं, तर तिघांना 24 आणि त्या एकाला 44. अर्थशास्त्राची पुस्तकं म्हणायची की असा डाव असेल तर कुणीच टाकणार नाही. फिशबाखर, गेख्टर आणि फेर यांच्या 2001च्या निबंधात निराळंच चित्र निघालं. निम्म्या लोकांचं धोरण होतं, बाकीचे टाकतील तसं मीही टाकीन. काहीही झालं तरी एक छदाम न टाकणारे साधारण तीस टक्के.

म्हणजे अस्सल फुकटे थोडे आणि बघून ठरवणारे पुष्कळ. या बघून ठरवणाऱ्यांची एक खोड मात्र कामाचा घात करते. ते शेजाऱ्याइतकं देत नाहीत, किंचित कमी देतात. तो बघून दुसरा आणखी हात आखडतो. फेरीमागून फेरी पेटी रिकामी होत जाते, आणि शेवटी सगळे म्हणतात, लोकच असे! पहिल्या आठवड्यात माणसांनी फुललेला माळ चौथ्या आठवड्यात ओस का पडतो, याचं उत्तर या किंचितात आहे. भाषण देऊन ते भरून निघत नाही. फुकट्याला चाप बसतो हे दिसलं, तर मात्र भरून निघतं: फेर आणि गेख्टर यांनी स्वतःची नाणी खर्चून कामचुकाराला दंड करायची मुभा दिली, तेव्हा पेटी पुन्हा भरू लागली.

पण नुसता धाक पुरत नाही, हे आपल्या आज्यांना झुरिकच्या कितीतरी आधी ठाऊक होतं. श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी आठवा. गाभारा भरायला राजाच्या हुकमानं घराघरातलं सगळं दूध आलं, पोरं आणि वासरं उपाशी राहिली, गाभारा भरला नाही. घरच्यांना जेवू घालून, वासरांना पाजून एक म्हातारी उरलेलं खुलभर दूध घेऊन आली आणि तो भरला. दवंडी पिटणाऱ्या प्रत्येकानं ही कहाणी वाचावी. ज्याची चूल रोजगारावर पेटते, त्याच्याकडे मागताना त्याच्या घरी आज काय शिजलं याची चौकशी आधी करायला हवी.

आणि इथेच गावचे कारभारी घसा खाकरून गप्प होतात. डोंगरावर चर खणतो भूमिहीन मजूर. पाणी मुरतं आणि उतरतं खालच्या बागायतदाराच्या विहिरीत. मजुराला विहीरच नाही. पुढच्या वर्षी तो आला नाही तर त्याला आळशी म्हणायचं? त्यानं हिशेब केला, आणि बरोबर केला.

हा हिशेब विलासराव साळुंखे यांनी 1972च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला सोडवून दाखवला होता. त्यांच्या पाणी पंचायतीचा नियम असा की पाणी जमिनीवर मोजायचं नाही, माणसांवर मोजायचं. माणशी अर्धा एकर भिजेल इतकं, कुटुंबाला फार तर अडीच एकरांचं. भूमिहीनालाही वाटा. उसाला बंदी. आणि योजनेच्या खर्चातला 20 टक्के भाग लाभधारकांनी पदरचा घालायचा. त्या कोरड्या मुलखात, हाती पैसा नसलेल्या माणसांनी हे पैसे भरले, कारण आपल्या वाट्याला काय येणार आणि धनदांडग्याला किती मिळणार, हे भरण्याआधीच ठरलेलं होतं. औदार्याची परीक्षा घेण्यापेक्षा हे कितीतरी सभ्य आहे.

हिवरे बाजार या गावानं पुढची पायरी गाठली. तिथे दरवर्षी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि पाऊस किती झाला ते पाहून पिकं ठरवतात. शेतीसाठी बोअर मारायचं नाही, मग जमीन कुणाचीही असो. नियम सगळ्यांना सारखा आहे म्हणून तिथलं श्रमदान फोटो काढून झाल्यावर संपलं नाही.

तेव्हा या उन्हाळ्यात तुमच्या गावात श्रमदानाची हाक आली, तर जरूर जा. पण त्याआधीच्या ग्रामसभेत उभं राहून सगळ्यांसमक्ष विचारा: आम्ही अडवलेलं पाणी बोअरनं उपसून कुणी ऊस लावला, तर त्याचं काय करणार? ज्याला जमीन नाही त्याच्या पदरात काय पडणार? उत्तर ठरावाच्या वहीत लिहून घ्या, खाली सरपंचांची सही घ्या, आणि मग टिकाव उचला.