चावी देण्याआधी अर्धा तास

संध्याकाळी नागपुरात सदरच्या रेसिडेन्सी रोडवरून नवी गाडी काढून बघा. समोरून राँग साइडनं ॲक्टिव्हा येते, दुकानांपुढे दुहेरी पार्किंग असतं आणि धोका दिसला की गाडी बीप-बीप करते. चार दिवसांत मालक वैतागतो, मेनूत जाऊन इशारेच बंद करून टाकतो. तोच मालक सुट्टीला शिवमडक्याहून समृद्धी महामार्गावर चढला की क्रूझ कंट्रोल लावतो आणि व्हॉट्सॲप उघडतो. "भाऊ, गाडीच चालून राहिली, मी तं नुसता बसलो आहे!" हे वर कौतुकानं सांगतो.

हे भलतंच आहे. आपल्याकडच्या मोटारींतला एडास, म्हणजे चालकाला मदत करणारी यंत्रणा, फार तर दुसऱ्या पातळीचा. तो ब्रेक दाबतो, लेन धरतो, पण गाडी चालवणारे तुम्हीच. पुष्कळ गाड्यांत त्याला स्टिअरिंगवरचा हात तेवढा कळतो, नजर कुठे आहे ते नाही. म्हणून तर स्टिअरिंगला पाण्याची बाटली अडकवून त्याला फसवतात आणि त्याचे व्हिडिओही टाकतात. ताशी 120च्या वेगात गाडी सेकंदाला 33 मीटर जाते. एक मेसेज वाचायला तीन सेकंद लागले, तर शंभर मीटर रस्ता तुम्ही पाहिलेलाच नसतो. त्या शंभर मीटरांत बंद पडलेला ट्रक उभा असेल, तर एडास तो ओळखेलच याची हमी कोणी देत नाही.

समृद्धीवरच्या अपघातांचा अभ्यास करताना 2023मध्ये आपल्याच व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेनं हायवे हिप्नोसिसकडे बोट दाखवलं होतं. सरळ, एकसुरी रस्त्यावर डोळे उघडे असूनही मेंदू सुस्तावतो. त्यात पायाचं कामही काढून घेतलं तर जागं राहायचं कशाच्या जोरावर? अमेरिकेत टेंपी इथे 2018मध्ये उबरच्या स्वयंचलित चाचणी-गाडीनं रस्ता ओलांडणाऱ्या बाईचा जीव घेतला. त्या गाडीत लक्ष ठेवायलाच पगारी माणूस बसवलेला होता आणि त्याची नजर फोनवर होती.

यंत्र मदतीला असलं तरी लक्ष माणसानंच ठेवायचं, हे शिकायला नागपूरला बाहेर जायची गरज नाही. 2021मध्ये इथे आयरास्ते प्रकल्प सुरू झाला. महापालिकेच्या बसमध्ये धोक्याचा इशारा देणारी यंत्रं बसली, पण स्टिअरिंग ड्रायव्हरच्याच हातात राहिलं. चालकांचं प्रशिक्षण हा प्रकल्पाचाच भाग होता. कुठे वारंवार इशारे येतात, त्यावरून शहरातल्या धोक्याच्या जागाही शोधल्या गेल्या.

आपल्या बसच्या ड्रायव्हरला जे शिकवलं, ते वीस लाखांची गाडी घेणाऱ्याला कोण शिकवतं? शोरूममध्ये हार, पेढे, नारळ, फोटो होतो आणि एडासचं बटण दोन मिनिटांत दाखवून मोकळे होतात. विक्रेत्यानं ग्राहकाला शेजारी बसवून सदरच्या उड्डाणपुलावरून मानकापूरपर्यंत न्यावं, येताना त्याच्या हातात गाडी द्यावी. पट्टे पुसलेले असले की लेन कशी सुटते, दुचाकी आडवी आली की काय होतं, कुठला इशारा कधीच बंद करायचा नाही, हे रस्त्यावर दाखवावं. फोटो त्यानंतर काढा.