शेंबूड की शेंबडा?

अमेरिकेत कुणाला सर्दी झाली, की खडवलीत माझं व्याकरण सुरू होतं. तिकडचा डॉक्टर रोग्याला तपासतो, रेकॉर्डरमध्ये भराभरा बोलतो आणि घरी जाऊन झोपतो. ते बोलणं तोवर सातासमुद्रापार माझ्या कानात येऊन पडलेलं असतं. मी ते ऐकून टाइप करत आले. या धंद्याला मेडिकल ट्रान्सक्रिप्शन म्हणतात. आमच्या आळीत त्याला ‘ती कानात घालून बसते ते’ म्हणतात, आणि सासूबाई पाहुण्यांना ‘डॉक्टरी लाइनमध्ये आहे’ एवढंच सांगून चहाचं विचारतात. टेबलाखालचं पेडल पहिल्यांदा बघितलं तेव्हा त्यांना वाटलं होतं, मी ब्लाउज शिवायला घेतले. ते पेडल आवाजाचं असतं. दाबलं की डॉक्टर बोलतो, सोडलं की गप्प बसतो. अशी सोय घरात आणखी कुणाला लावता आली असती तर बरं झालं असतं.

2000 सालाच्या आसपास ठाण्या-डोंबिवलीत या कामाचे क्लास पावसाळ्यातल्या अळंब्यांसारखे उगवले होते. घरबसल्या डॉलर, अशी जाहिरात असायची. डॉलर वाटेत कुठेतरी उतरून जायचा आणि आमच्यापर्यंत पैसे यायचे ते ओळीवर. ओळ म्हणजे काय, तर 65 ठोके. अक्षर, रिकामी जागा, पूर्णविराम, सगळे धरून 65 झाले की एक ओळ. आमच्या अमेरिकेतल्या संघटनेची स्थापना 1978 ची. 2007 मध्ये तिने नावातलं ‘ट्रान्सक्रिप्शन’ काढून ‘हेल्थकेअर डॉक्युमेंटेशन इंटिग्रिटी’ घातलं. नाव लांबलं. ओळ आहे तेवढीच राहिली.

लोकांना वाटतं, या कामात अमेरिकन उच्चार समजणं हे अवघड. ते काही खरं नाही. उच्चाराची सवय होते. टेक्सासचा डॉक्टर महिन्याभरात कळू लागतो, आणि अर्ध्या वेळा तो टेक्सासचा नसतोच, गुंटूरचा नाहीतर नडियादचा असतो. जेवता जेवता बोलणारे, गाडी चालवता चालवता बोलणारे, एक्स-रे बघताना मध्येच नर्सशी भांडून घेणारे, सगळे सवयीचे होतात. नाहीच कळलं तर जागा रिकामी सोडायची आणि रिपोर्ट तपासणाऱ्याच्या टेबलाकडे पाठवायचा. अंदाजानं ठोकायचं नाही, हा या धंद्यातला पहिला नियम, आणि माझ्या मते तो इतर धंद्यांतही लागू करायला हरकत नाही.

खरा घोळ होतो तो शब्द स्वच्छ ऐकू आल्यावर. डॉक्टर म्हणतो, ‘म्युकस’. कानाला काही अडचण नाही. बोटं मात्र अधांतरी. कारण म्युकस दोन आहेत. एकाच्या शेवटी ‘यूएस’, तो नाम. दुसऱ्याच्या शेवटी ‘ओयूएस’, तो विशेषण. उच्चार तोच, फरक फक्त एका ‘ओ’चा, आणि तो ‘ओ’ तोंडातून बाहेर पडतच नाही. नाकातून वाहतो तो पहिला. तोंडात, नाकात, आतड्यात जो ओलसर पडदा असतो, त्याला लावायचा तो दुसरा. जवळजवळ प्रत्येक तपासणीत एक वाक्य येतंच: म्युकस मेंब्रेन्स ओलसर आहेत. म्हणजे रोग्याच्या अंगात पाणी पुरेसं आहे. ते वाक्य मी झोपेतही ‘ओ’ लावून लिहीन. पण पुढच्याच ओळीत घशात म्युकस दिसला, तर तिथला ‘ओ’ काढायला जागं राहावं लागतं.

आणि ही जोडी एकटी नाही. ‘कॅलस’ घ्या. मोडलेलं हाड जुळताना त्या जागी नवं हाड धरू लागतं, तो ‘यूएस’चा कॅलस. तळपायाला घट्टा पडतो तोही तोच. ‘ओ’ घातला की अर्थ होतो निगरगट्ट. ‘फ्रॅक्चरच्या जागी भरपूर निगरगट्टपणा दिसतो, प्रगती समाधानकारक’ असा रिपोर्ट वाचून त्या हाडाच्या डॉक्टरला काय वाटेल, ते आपल्या ओळखीतले हाडाचे डॉक्टर आठवून ठरवा. ‘व्हिलस’ म्हणजे आतड्यातला केसासारखा बारीक अंकुर, ‘ओ’सकट लिहिला तर केसाळ. ‘व्हिस्कस’ म्हणजे पोटातला पोकळ अवयव, ‘ओ’सकट लिहिला तर घट्ट, चिकट. पहिला फुटला तर रोग्याला तडक ऑपरेशनला नेतात. दुसरा म्हणजे तोंड आलेल्या माणसाला द्यायच्या बधिर करणाऱ्या औषधाचं विशेषण. आणि दंडाचं हाड ‘ह्युमरस’. त्याचं स्पेलिंग चुकवून विनोदी करणारे इतके होऊन गेले, की आता त्याला कुणी हसत नाही, सरळ मार्क कापतात.

क्लासमध्ये या जोड्यांची यादी दिली होती आणि पाठ करा म्हणाले होते. मी ती कसारा लोकलमध्ये पाठ करायचे. खडवलीला चढून ठाणं येईपर्यंत वेळच वेळ. टिटवाळ्यापर्यंत बसायला जागा, कल्याणनंतर श्वास घ्यायलाही नाही. आमच्या ग्रुपमध्ये एक वासिंदच्या ताई होत्या, मांडीवर पिशवी घेऊन वाल सोलत यायच्या. त्यांनी एकदा यादी बघितली. इंग्रजीशी त्यांचा संबंध साडीच्या लेबलापुरता. म्हणाल्या, “अगं, यूएस म्हणजे अमेरिका ना? अमेरिका हे नाव झालं. नाव म्हणजे नाम. यूएस दिसलं की नाम.”

“आणि ओयूएस?”

“तो ‘ओ’ म्हणजे हाक. ‘ओ भाऊ, ओ ताई.’ विशेषण नामाच्या पुढे चालतं ना? पुढे चालायचं आणि ओरडायचं, मागून येतंय बघा कोण!”

विशेषण म्हणजे नामाचा भालदार-चोपदार, हे मला कुठल्याच पुस्तकानं इतकं नीट सांगितलं नव्हतं.

त्यांच्याकडून तिथेच आणखी एक फायदा करून घेतला. ‘इलियम’ही दोन. एक लहान आतड्याचा शेवटचा भाग, त्याच्या मधोमध ‘ई’. दुसरं कमरेचं हाड, त्याच्या मधोमध ‘आय’. इंग्रजी पुस्तकं सांगतात, ‘ई’ म्हणजे ईटिंग, खाणं. ताई म्हणाल्या, “खाणं कशाला? आतडं बघितल्यावर तोंडातून काय निघतं? ई! आणि गर्दीत दरवाज्याचा दांडा कमरेत बसला की? आय गं!” हे सांगेपर्यंत डोंबिवली आली होती, त्यामुळे दुसऱ्याचं प्रात्यक्षिकही झालं.

पण माझा कायमचा उपाय वेगळा, आणि तो शाळेतल्या बाईंचा. नाम की विशेषण असा पेच पडला, की त्या म्हणायच्या, शब्द बदलून बघ. मी तो मराठीत बदलते. जिथे ‘शेंबूड’ बसतो तिथे ‘यूएस’. जिथे ‘शेंबडा, शेंबडी, शेंबडं’ बसतं तिथे ‘ओयूएस’. घशात शेंबूड आहे: नाम. शेंबडी त्वचा: विशेषण. आपल्याकडे हे दोन शब्द कानालाच वेगळे ऐकू येतात, इंग्रजीसारखा चोरून ‘ओ’ ठेवलेला नाही. घट्टा की निगरगट्ट? बुरशी की बुरसट? केस की केसाळ? मराठीत प्रश्नच उरत नाही. सरकारी परिभाषेतही श्लेष्मा वेगळा आणि श्लेष्मल वेगळा. कॉन्व्हेंटमधून आलेल्या मुली स्टेडमनचा जाडजूड शब्दकोश चाळत बसायच्या, आणि आम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या पोरी शेंबूड-शेंबडा करून पुढच्या ओळीवर गेलेल्या असायचो. हे तर शेंबडं पोरही सांगेल असं आपण म्हणतो, ते शब्दशः खरं आहे. दुसऱ्या पोराला नाही सांगता येणार.

आमच्या ह्यांना या सगळ्यात एकच गोष्ट महत्त्वाची वाटली. ते हिशेबी आहेत. म्हणाले, “पैसे ठोक्यांवर ना? मग विशेषणात एक ठोका जास्त. सगळीकडे ‘ओ’ घालत जा.” म्हणजे ओळीचा पासष्टावा भाग जादा. दिवसभर अमेरिकेत कितीही शेंबूड वाहिला तरी त्यातून चहाची साखरही सुटली नसती. शिवाय तपासणारा टेबलावर बसलेलाच असतो. शंभरात अठ्ठ्याण्णवच्या खाली अचूकता गेली की तो ‘ओ’ पगारातून उलटा वसूल होतो.

मराठीचा उपाय एका ठिकाणी मात्र आडवा पडतो. दम्याच्या रोग्याच्या श्वासनळीत घट्ट बोळा अडकतो, त्याला म्युकस प्लग म्हणतात. आता हा शेंबडाचा बोळा की शेंबडा बोळा? दोन्ही बरोबर वाटतात. छापील वैद्यकीय मजकुरातही दोन्ही सापडतात. मी काम करायचे तिथे दिवसाच्या पाळीचे तपासनीस ‘ओ’वाले होते आणि रात्रीच्या पाळीचे बिनओचे. एकाच रोग्याचा एकच बोळा सूर्यास्ताला जात बदलायचा. त्यावरून दोघांची जी पत्रापत्री झाली, ती रोग्याच्या मूळ आजारापेक्षा लांब चालली. तो बिचारा खोकून मोकळा झालेला, घरीही गेलेला.

‘पेरोनियल’ आणि ‘पेरिनियल’ यांच्याबद्दल मात्र मतभेदाला जागा नाही. पहिलं पायाच्या नडगीच्या बाहेरच्या बाजूचं. दुसरं आपण ज्यावर बसतो त्याच्या आसपासचं, जिथे रोगी डॉक्टरलाही लाजत लाजत हात दाखवतो. पायाला मार लागलेल्या माणसाच्या रिपोर्टात दुसरा शब्द गेला, तर पुढचा डॉक्टर पट्टी कुठे बांधायची यावर विचार करत बसेल. अशा चुकांना आमच्याकडे गंभीर चूक म्हणतात. मला त्या विनोदी वाटतात, पण पाय माझा नसतो.

आपण इंग्रजीला हसावं असंही नाही. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम 1962 पासून छापलेले आहेत, तरी 1 मे आला की कल्याणपासून कसाऱ्यापर्यंत कुठे ना कुठे ‘महाराष्ट्र दीनाच्या हार्दिक शुभेच्छा’ झळकतातच. दिन हे नाम, दीन हे विशेषण. एका वेलांटीत राज्य गरीब होतं. शिवाय शिर म्हणजे डोकं आणि शीर म्हणजे रक्तवाहिनी. उद्या डॉक्टर मराठीत बोलू लागले आणि मला टाइप करायला बसवलं, तर सुई कुठे टोचायची हे माझ्या वेलांटीवर ठरेल. त्यापेक्षा अमेरिका बरी.

या विद्येचा गावात उपयोग होतो तो असा. मागे शेजारचे काका कल्याणहून तपासणीचा कागद घेऊन आले. पोट बिघडलं होतं, शौचाची तपासणी केली होती. “सूनबाई, तू त्या लायनीतली. बघ गं काय म्हणतायत.”

कागद बघितला. एका ओळीत छापलं होतं म्युकस, ‘ओ’सकट, आणि पुढे: नाही.

“काका, कागद डॉक्टरांना दाखवा, तेच सांगतील. पण स्पेलिंग चुकलंय.”

काकांचा चेहरा उतरला. “म्हणजे परत नेऊन द्यायची का?”

“नाही हो. नामाच्या जागी विशेषण दिलंय.”

“कुणी? मी डबीत जे दिलं ते दिलं. वरून काय घातलं नाय.”

शेवटी सांगितलं, आव नाही असं लिहायचं होतं. आव हा शब्द ऐकल्यावर काका सुखावले. “आव नाय ना? मग असं सांग की.” आणि आपल्याला काही झालंच नव्हतं असा आव आणून ते उठले. जाताना सासूबाईंना म्हणाले, पोरगी हुशार आहे, पण साधं सांगत नाही.

आता काम बदललं. 2009 साली अमेरिकेनं कायदा करून दवाखान्यांना संगणकावरच्या नोंदींकडे वळवलं, त्यासाठी पैसेही दिले. पुढे यंत्र डॉक्टरचं बोलणं ऐकून स्वतःच टाइप करू लागलं. आम्हाला एडिटर हे नाव मिळालं आणि ओळीचा दर कमी झाला. यंत्राला दोन्ही म्युकस ऐकायला सारखेच, पण शेजारचे शब्द बघून ते बहुतेक वेळा बरोबर लिहितं. अडचण नेमकी तिथे आहे. सगळंच चुकीचं असतं तर डोळा सावध राहिला असता. पानभर बरोबर वाचून डोळ्याला गुंगी येते आणि मग अमक्याचं विनोदी हाड मोडलेलं असतं, आपण खाली सरकलेले असतो. टाइप करताना मी शब्द लिहायचे, आता त्यांच्यावर पाळत ठेवते. त्यात पावसाळ्यात खडवलीची वीज जाते. इन्व्हर्टर चालू करेपर्यंत भातसा नदीवर भिजायला आलेल्या पोरांचा ओरडा ऐकू येतो, तेवढीच कानाला विश्रांती.

तर कल्याण ते कसारा पट्ट्यातल्या समस्त लॅबवाल्यांना एक नम्र विनंती. तुमच्या मशीनवर, अहवालावर, आकड्यांवर माझा पूर्ण विश्वास आहे. फक्त शौचाच्या तपासणीचा जो छापील नमुना तुम्ही वर्षानुवर्षं वापरता, त्यातल्या म्युकसचा ‘ओ’ एकदा काढून टाका. शाई वाचेल, आणि आमचे काका माझ्याकडे न येता थेट डॉक्टरकडे जातील.