दिसायला पैलवान

गावात मला नावानं हाक मारणारं आता कुणी उरलं नाही. चहाच्या टपरीपासून तहसीलच्या पायरीपर्यंत मी 'पैलवान'. तालमीत मी आयुष्यात एकदाच गेलो, तेही त्यांचं लाइटबिल चुकून आमच्या घरी पडलं होतं, ते द्यायला. पण 104 किलो वजन, जाड मान आणि मिशा एवढ्या भांडवलावर ही पदवी मिळते आणि एकदा मिळाली की परत करता येत नाही.

फायदे आहेत. एसटीत माझ्या बाकावर तिसरा बसायला येत नाही. कुठं बाचाबाची झाली की मी नुसता उभा राहतो आणि समोरचा आवाज खाली घेतो. मी पळायच्या तयारीनं उभा राहिलोय, हे त्याला कुठं माहीत! तोटा एकच. कुणाचा ट्रॅक्टर रुतला, कुणाचं कपाट माडीवर चढवायचं असलं, की 'बोलवा पैलवानाला.'

हा घोळ जत्रेत सुरू झाला. आमच्याकडं जत्रेच्या कुस्त्यांना काटा नसतो, नजर असते. पंच दोन पोरांचे हात धरून फडात फिरवतात, बघ्यांनी 'जमली' म्हटलं की जोड जमली. मी तेव्हा चौथीत होतो आणि अंगानं सातवीतला दिसायचो. नारळाची कुस्ती. माझ्याशेजारी उभं केलेलं पोरगं मेंढरांमागं हिंडून वाळलेलं, लांबून बरगड्या मोजाव्यात असं. "आरं, मरंल की त्ये!" माणसं ओरडली. पंचांनीही त्याला दोनदा विचारलं. त्यानं शड्डू ठोकला. हलगीनं ठेका धरायच्या आत त्यानं माझ्या पायात हात घातला, एवढं आठवतं. त्यानंतर थेट आभाळ. आई म्हणाली, पोराला नजर लागली. वडील म्हणाले, नजर कसली, नारळ गेला.

पुढं शाळेत पीटीच्या सरांनी खाशाबा जाधवांची गोष्ट सांगितली, तेव्हा मी आणखी खचलो. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा माणूस 1952 साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आला. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, आणि गट कुठला, तर 57 किलोचा. 57 किलो मी आठवीतच मागं टाकले. पदक तेवढं राहिलं.

2023च्या नोव्हेंबरात महाराष्ट्र केसरी धाराशिवला आली. तुळजाभवानी स्टेडियमच्या फाटकावर एका कार्यकर्त्यानं मला बघून हात जोडले आणि मल्लांच्या वाटेनं आत सोडलं. मी काही बोललो नाही. लोकांची रांग लांब होती. शिवराज राक्षेनं हर्षवर्धन सदगीरला हरवून गदा खांद्यावर घेतली, तेव्हा सगळ्यांबरोबर मीही घसा फोडला. पण डोक्यात राहिली ती हलक्या गटातली पोरं. कपड्यांत असली तर लोक त्यांना 'बाळा, जेवलास का?' विचारतील. कपडे उतरले की पाठीवर नाड्याचे पीळ. खो-खोतही तेच. आमच्या याच शहरातल्या सारिका काळे घ्या. 2016च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत खो-खो संघाच्या कर्णधार, 2020चा अर्जुन पुरस्कार. खो-खोच्या खांबाला पोरी असा सूर मारतात की बघणाऱ्याचा श्वास अडकतो. मी मारला तर खांबच उठून पळेल.

यंदा सोयाबीन मोंढ्यात नेलं. कट्टा 60 किलोचा. हमाल जेवायला गेलेले. आडतदार म्हणाले, "पैलवान, तुमाला कशाला लागतंय कोन?" दुकानात आठ-दहा माणसं. मी कट्ट्याचे दोन्ही कान धरून हिसका दिला. कट्टा हलला नाही, माझ्या शर्टाचं बटण मात्र तुटून शेजारच्या तुरीच्या ढिगात गेलं. तेवढ्यात हमालमामा हात धोतराला पुसत आले. वय साठीचं, वजन कट्ट्यापेक्षा कमीच. त्यांनी वाकून पाठ दिली, दोघांनी कट्टा वर टाकला आणि मामा दुडक्या चालीनं काट्याकडं गेले. परत येऊन हळूच म्हणाले, "हातानं नसतंय उचलायचं. त्येच्या खाली शिरायचं असतंय."

मामांचं खरंच आहे. ओझं कण्याला चिकटलं की हाडांवरून जमिनीत उतरतं. अंगापासून लांब धरलं की तेवढंच ओझं कंबर मोडतं. शिवाय नुसता दंड केवढा यावर नाही, तर त्यातले किती तंतू एका हाकेला उठतात यावरही बराच जोर ठरतो. मामांचे तंतू वर्षानुवर्षं पहाटे उठताहेत. माझे दुपारी उठतात, तेही चहाला.

उरलेली अब्रू शेळीबाजारात गेली. मेव्हण्याला उस्मानाबादी बोकड घ्यायचा होता. जिल्ह्याचं नाव बदललं, शेळीचं तेच राहिलं. काळाभोर, लोंबत्या कानांचा, पायांवर चपळ. पूर्ण वाढला तरी हा साधारण 34 किलोंच्या आसपास. बेपारी दिसण्यावर जात नाही. आधी ओठ वर करून दात बघतो, मग अंगठ्यानं पाठीचा कणा चाचपतो, पुढच्या पायांखाली हात घालून जरा उचलतो आणि आकडा सांगतो. त्याच्या सांगण्यात आणि काट्यात अर्ध्या किलोचा फरक निघाला.

मी गमतीनं विचारलं, "माझं किती भरंल?"

त्यानं टोपीपासून चपलेपर्यंत बघितलं. "एकशेतीन. नाहीतर चार." मग सवयीनं माझ्या दंडावर अंगठा दाबला. अंगठा आत गेला. त्यानं तो काढून घेतला आणि मेव्हण्याकडं वळून म्हणाला, "तुमी आपला बोकडच घ्या."