आधी हेड पुसा

काकांकडे गाणं ऐकायला जाऊ नये. गाणं आहे, कॅसेटी-स्पूलनी फळ्या वाकतील इतकं आहे. पण आलापी रंगली की काकांची मान कलते आणि ती दाद नसते. 'ॲझिमथ गेलाय,' म्हणत ते स्क्रूड्रायव्हर घेऊन उठतात. टेपरेकॉर्डरच्या हेडशेजारचा इवलासा स्क्रू किंचित फिरून हेडचा कोन जुळला की दबलेला आवाज खरोखर मोकळा होतो. तोवर बडा ख्याल आटोपलेला असतो.

कान मात्र पक्के. बैठकीत रेकॉर्डर हळू चालला असेल, तर ठीक वेगाच्या मशीनवर तेच गाणं चढं वाजतं. वेगात ६ टक्क्यांचा फरक, की काळी एकचा गवई पांढरी दोनमध्ये गातो. लोक म्हणतात, 'काय आवाज लागलाय!' काका म्हणतात, 'सेल उतरले होते.'

कॅसेटला ते थोडं खालच्या पायरीवर बसवतात. फिलिप्सने १९६३ मध्ये ती काढली बोलणं टिपायला, आपण तिच्यात मारवा कोंबला! सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकणाऱ्या पट्टीकडून किती मागायचं? स्पूल कशी, १९ सेंटिमीटरने धावते.

तुटलेल्या टेपला सेलोटेप लावणारा माणूस त्यांच्या मनातून कायमचा उतरतो. तो गोंद पाझरून पुढच्या वेढ्याला चिकटतो. हेड पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि नवा कापूस. स्वतःचा चष्मा मात्र ते सदऱ्याला पुसतात, असं काकू सांगतात.

हेडमधलं चुंबकत्व घालवण्याचा विधी तर बघण्यासारखा. डीमॅग्नेटायझर हेडजवळच बंद केला तर उलट चुंबकत्व वाढतं. म्हणून तो चालू ठेवून, देवाला पाठ न दाखवता गाभाऱ्यातून निघावं तसे काका मागे मागे सरकतात आणि हात पुरता लांबवून मगच बटण दाबतात. मागे चहा घेऊन कोण उभं आहे, हे त्यांना नंतर कळतं.

पावसाळा हा त्यांचा हंगाम. बुरशी धरलेल्या कॅसेटी घेऊन लोक येतात. कवच उघडताना फेल्टची स्प्रिंग उडते आणि पाहुणे सतरंजीवर रांगू लागतात. परवा शेजारच्यांची कॅसेट आली, त्यांच्या आजीच्या ओव्यांची. काकांनी टेप नव्या कवचात घातली, हेड पुसलं, बटण दाबलं. आजी गाऊ लागल्या, घरदार हुंदके देऊ लागलं.

काकांनी हात वर केला. 'रडा, पण जरा हळू. वरचे स्वर येतायत की नाही, तेच कळेना.'