स्टेपनी

येळवशीच्या सकाळी नांदेडहून निघालो, लोहा गेलं, माळाकोळी गेलं, अहमदपूरही मागे पडलं, आणि गाडीच्या काचेखाली एक पिवळा दिवा लागला. दिव्याचा आकार मोठा गमतीचा. बायको थोडा वेळ त्याच्याकडे निरखून बघत राहिली आणि म्हणाली, "ही कढई कसली पेटलीय? आणि तिच्यात उद्गारचिन्ह काय करतंय?" मीही पाहिलं. खरोखरच कढई होती, आणि तिच्यात एक उद्गारचिन्ह तळायला टाकलेलं. पुस्तिका काढून वाचली तेव्हा कळलं, ते टायरचं चित्र आहे आणि कुठल्यातरी चाकातली हवा कमी झाली आहे. पूर्वीच्या गाड्या दुखणं अंगावर दाखवायच्या. एका बाजूला ओढायच्या, चाक फटफट बोलायचं, मागून येणारा मोटारसायकलवाला हात करून सांगायचा. आताची गाडी तालुक्याच्या कचेरीसारखी नोटीस काढते. कुठल्या चाकाविषयी, कशामुळे, ते सांगत नाही. फक्त कळवण्यात येते.

उतरलो. डावीकडचं मागचं चाक जेवून वामकुक्षी घेणाऱ्या माणसाच्या पोटासारखं खाली पसरलं होतं. दोन्ही बाजूंना हरभरा, पलीकडे ज्वारी, मधे करडईची काटेरी पट्टी, आणि शेताशेतात कडब्याच्या कोपी उभ्या राहिलेल्या. येळवशीला, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येला, लातूर जिल्ह्यातलं गाव शिवारात राहायला जातं. शहरातले रस्ते संचारबंदी लागल्यासारखे ओस पडतात आणि रानात मात्र जत्रा भरते. आम्हीही त्यासाठीच चाकूरच्या पुढे सासुरवाडीच्या रानात निघालो होतो. वाटेतली पंक्चरची दोन दुकानं मला आठवत होती. दोन्हींच्या मालकांना शेतं असावीत, कारण दोन्ही फळ्या लावून बंद होती.

रस्त्याच्या कडेला उभं राहिलं की माणसाला जुनं आठवतं. आमच्या कंधार तालुक्यातल्या गावी बैलगाडीच्या चाकाला पंक्चर हा रोगच ठाऊक नव्हता. लाकडी चाक, त्यावर लोखंडी धाव. धाव सैल झाली की लोहार यायचा, गोवऱ्यांचा गोल जाळ करायचा, त्यात ती लाल होईपर्यंत तापवायचा आणि चौघांनी सांडशींनी धरून चाकावर बसवायची. मग तांब्यांनी, घागरींनी पाणी ओतायचं. लाकूड करकरायचं, धूर आणि वाफ यांची एकदम गर्दी व्हायची, आणि धाव आकसून चाकाला अशी मिठी मारायची की पुढे काही वर्षं सुटायचं नाव नाही. आम्ही पोरं लांब उभं राहून ते लग्न बघायचो. अंतरपाट वाफेचा आणि अक्षता ठिणग्यांच्या.

ह्या घट्ट संसारात हवा आणली ती एका जनावरांच्या डॉक्टरने, हे मला नेहमी फार बोलकं वाटतं. बेलफास्टमधले डनलॉप. मुलाची तीनचाकी दगडी रस्त्यावर धडधडते म्हणून त्यांनी रबराच्या नळीत हवा भरून ती चाकांना बांधली आणि 1888 साली पेटंट घेतलं. त्यांच्या आधी, 1845 सालीच, थॉमसन नावाच्या गृहस्थांनी हवेच्या चाकाचं पेटंट घेतलेलं होतं. पण त्यांच्या वेळी हौस होती, गिऱ्हाईक नव्हतं. बापाने पोराच्या बुडाची काळजी केली आणि सगळ्या जगाच्या पाठीमागे पंक्चर लागलं. मायेची पुढची पिढी बहुधा अशीच कटकट होऊन येते.

पण मराठीने त्या कटकटीलाही घरात घेतलं. आपण पंक्चर दुरुस्त करत नाही, पंक्चर 'काढतो'. काटा काढावा, दृष्ट काढावी, तसं. नांदेडला शिकायला होतो तेव्हा तासाच्या भाड्याने सायकली देणाऱ्या एका चाचांकडे मी हे काढणं कितीदा पाहिलं. ट्यूब फुगवून ते काळपट पाण्याच्या घमेल्यात बुडवायचे आणि वीत वीत पुढे सरकवायचे, नाडी बघणाऱ्या वैद्यासारखे. मग कुठूनतरी बुडबुड्यांची बारीक माळ वर यायची. चाचा हलकेच म्हणायचे, "हौ, यहाँ है." त्या तीन शब्दांत निदानही असायचं आणि धीरही. पुढे कानशीने घासणं, सोल्यूशन लावणं, ते वाळेपर्यंत चहा. आता ट्यूबच गेली. चिकट वात सुईत ओवतात, भोकात खुपसतात, बाहेर राहिलेलं शेपूट कापतात. पाच मिनिटं. चहाला वेळच नाही.

असो. डिकी उघडली. अंबिलीचं मडकं, धपाट्यांचा डबा, तिळाच्या भाकरी, बायकोने माहेरच्यांसाठी घेतलेल्या साड्या, सगळं उतरवून धुऱ्यावर मांडलं. रुखवतच दिसत होतं. सगळ्यांत खाली, सतरंजीखाली, स्टेपनी. हा शब्द आपल्याला इतका आपला वाटतो, पण तो वेल्समधल्या लानेथ्ली गावच्या एका रस्त्याचा आहे. सुरुवातीच्या मोटारींना जादा चाकच नसायचं. त्या गावच्या स्टेपनी रस्त्यावर डेव्हिस बंधूंनी 1904 साली हवा भरलेलं एक बिनआऱ्यांचं जादा चाक विकायला काढलं. ते पंक्चर झालेल्या चाकाला बाजूने आवळायचं आणि घर गाठायचं. तिकडे तो शब्द केव्हाच विरला. आपण मात्र सांभाळला, आणि वाढवलाही. प्रत्येक घरात एक स्टेपनी असते. लग्नात वाढप्ये कमी पडले की आठवणारा मावसभाऊ. दवाखान्यात रात्री थांबायला लागणारे आत्याचे यजमान. निवृत्त झाल्यापासून मी आमच्या घरातली आहे. नातवाची रिक्षा आली नाही, गॅसवाला येणार आहे, बँकेत सही लागते, की मला सतरंजीखालून काढतात.

पुतण्याच्या नव्या गाडीत तर स्टेपनीच नाही. हवेचा दाब कळवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच असेल तर जादा चाक नसलं तरी चालेल, असं सरकारनेच 2020 साली नियमांत म्हटलं आहे. त्याच्याकडे गोंदाची बाटली आहे आणि एक छोटा पंप. म्हणजे एवढ्या प्रगतीनंतर गाडी पुन्हा 1904 च्या आधी जाऊन उभी राहिली, फक्त कढई जास्तीची.

जॅक लावण्याआधी नट ढिले करावेत एवढं शहाणपण मला होतं. पण नटांना माझ्याविषयी काहीच आदर नव्हता. गेल्या सर्व्हिसिंगला कुणीतरी ते मशीनच्या बंदुकीने आवळले होते. बिलावर तपासणीच्या सत्तावीस गोष्टींपुढे सत्तावीस टिचक्या होत्या; 'मालकाच्या हाताने उघडेल का' ही त्यांत नव्हती. पान्यावर मी आधी हात, मग पाय, मग सगळा देह ठेवून पाहिला. बायको म्हणाली, "पडाल." मदतीच्या क्रमांकावर फोन लावला. पलीकडच्या मुलीने फार गोड आवाजात विचारलं, "सर, आपण सुरक्षित ठिकाणी आहात का?" मी म्हटलं, हरभऱ्यात आहे. "जवळची खूण?" मी म्हटलं, बाभूळ. तिने बाभूळ लिहून घेतली असावी, कारण थोडा वेळ शांतता होती. मग म्हणाली, तीन तास लागतील.

तेवढ्यात कोपीतून एक आजोबा, त्यांचा मुलगा आणि चार-पाच पोरं आली. "कामून थांबलाव पाव्हणं?" मुलाने पान्याच्या दांड्यात पाइपचा तुकडा घातला, लांबी वाढली, आणि कर्र करून पहिला नट शरण आला. मग समोरचा, मग त्याच्या समोरचा. चाक निघालं. त्यात काय रुतलं होतं ते आजोबांनी नखाने उकरून पाहिलं आणि हसायला लागले. बैलाच्या पत्रीचा खिळा. उसाच्या गाड्या ह्याच रस्त्याने जातात. एवढ्या दिव्यांच्या गाडीला शेवटी बैलानेच बसवलं. स्टेपनी चढवली, जॅक उतरवला, आणि तीही हळूच खाली बसली. आजोबांनी अंगठ्याने दाबून पाहिलं. "हवाच न्हाई की हिच्यात. कधी बघितली होती?"

मला उत्तर देता येईना. जिच्या भरवशावर आपण निर्धास्त हिंडतो, तिची विचारपूस आपण चार वर्षांत एकदाही केली नव्हती. मी उगाच मडक्याकडे पाहत राहिलो.

मोटारसायकलसाठी ठेवलेला पायपंप कोपीतून आला. मग जे झालं त्याला दुरुस्ती म्हणणं जिवावर येतं. मुलाने शंभर मारले, पोरांनी ओरडून मोजले. मग मी, चाळिसाला दम लागला. मग आजोबांनी धोतर सावरून वीस मारले, आणि शेवटी बायकोने पदर खोचून उरलेले. दाब किती झाला ते सांगायला काही नव्हतं. आजोबांनी एक लाथ घातली, आवाज ऐकला आणि म्हणाले, "बास. लातूरला जाऊन येईल." आम्ही निघायच्या बेतात होतो, तर म्हणाले, "जायलाव कुठं? येळवशीला कुणी शिवारातून उपाशी जात नसतंय." कोपीत मांडलेल्या पांडवांना हात जोडले, पत्रावळीवर भज्जी आली, उंडे आले, बिंदगीतली अंबील आली. आमचे धपाटेही तिथेच फुटले. सासुरवाडीला पोचेतो दुपार कलली होती.

दोन दिवसांनी नांदेडला एका पंपावर खिळा काढून घेतला. पोरगा तरतरीत होता. स्टेपनीवर मोजणी यंत्र लावून म्हणाला, "काका, साधी हवा आहे. काढून नायट्रोजन भरू का? चांगला असतो." साध्या हवेतही शंभरात अठ्ठ्याहत्तर भाग नायट्रोजनच असतो हे मी पोरांना तीस वर्षं शिकवलं, पण ते त्याला सांगावंसं वाटलं नाही.

"दाब किती आहे?"

"तीस. थोडा कमीय."

"मग वरून तेवढी साधीच घाल," मी म्हटलं. "आधीची काढू नको."

त्याने तशी घातली, आणि सतरंजी नीट पसरून मी डिकी हळूच लावली.