पद्मिनीकर

प्रत्येक जुन्या सोसायटीत एक पद्मिनीकर असतात. आडनाव कुलकर्णी असो की शिंदे, पार्किंगच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली प्रीमियर पद्मिनी उभी राहिली की माणूस पद्मिनीकर होतो. वय साठीच्या पुढे, खिशात पेनाऐवजी टेस्टर आणि नखांत ग्रीसची काळी रेघ. ही रेघ सत्यनारायणाच्या पूजेलाही निघत नाही.

पाहुण्याने गाडी बघून "अरे वा, डुक्कर फियाट!" म्हटलं की चहा लांबतो. डुक्कर फियाट ती वेगळी, पन्नासच्या दशकातली, गोल पाठीची, हे आधी ऐकावं लागतं. मग 1964 साली कुर्ल्याच्या कारखान्यात आलेली 1100 डिलाईट, 1974 पासून तिचंच झालेलं पद्मिनी हे नाव, 1089 सीसीचं इंजिन आणि 2001 साली थांबलेलं उत्पादन. एवढं होईस्तोवर चहावर साय धरते. पाहुणा सुटकेसाठी विचारतो, "काका, एसी आहे का?"

"आहे की! एसी पंप आहे."

हा पंप पेट्रोल ओढायचा असतो, हे पाहुण्याला घाटात कळतं. चढावर पंप तापतो, आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि गाडी मान टाकते. पद्मिनीकर त्यासाठी घरूनच फडकं घेऊन निघतात. बॉनेट उघडायचं, ओलं फडकं पंपावर टाकायचं आणि दरीकडे बघत उभं राहायचं. कुणी चौकशी केली तर "जरा निसर्ग बघतोय." काकू मागच्या सीटवर स्वेटर विणतात. ठाण्याहून निघाल्यावर खंडाळा येईस्तोवर एक बाही पुरी होते.

गाडी चालवण्यापेक्षा तिचे पार्ट शोधण्यात पद्मिनीकरांचा जास्त काळ जातो. मुंबईत काळ्या-पिवळ्या पद्मिनी धावत होत्या तोवर चिंता नव्हती. टॅक्सी ही त्यांची रक्तपेढी होती. 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेवला नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपल्यावर हटली. तेव्हा सगळी मुंबई हळहळली. पद्मिनीकर हळहळले नाहीत, त्यांनी कुर्ला गाठलं आणि दोन डेल्को, एक डायनॅमो आणि डाव्या दाराचं हँडल घेऊन ते परतले. पलंगाखालच्या ज्या पेटीत पूर्वी काकूंच्या पैठण्या होत्या, तिथे आता हेड गॅस्केट आहेत. डांबराच्या गोळ्या तेवढ्या जुन्याच.

पार्ट एक वेळ मिळतो, हात मिळत नाही. डेल्कोचा पॉइंट घासून नुसत्या कानाने टायमिंग लावणारे मिस्त्री आता सत्तरीत आहेत. गॅरेज मुलाकडे आलंय आणि मुलाकडे स्कॅनर आहे. स्कॅनरची वायर खुपसायला पद्मिनीत जागाच सापडत नाही, तेव्हा तो "अंकल, विकून टाका" असं निदान करतो. त्यामुळे पद्मिनीकर मिस्त्रींनाच जपतात. त्यांच्या बीपीच्या गोळ्यांची आठवण रोज सकाळी फोन करून देतात. यावर काकूंचं म्हणणं एवढंच, "माझ्या गुडघ्याला टॅपेट म्हणत असते, तर ह्यांनी कधीच उघडून बघितला असता."

सध्याचा शत्रू इथेनॉल. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं आणि पद्मिनीच्या जुन्या रबरी नळ्या, पंपाचा डायाफ्राम यांना ते सोसेना. ते पाणी धरतं, तेव्हा उभ्या गाडीच्या टाकीला गंजाची धास्ती वेगळी. त्यात मेहुणे साखर कारखान्याचे सभासद. इथेनॉलमुळे त्यांच्या उसाला भाव आणि यांच्या डायाफ्रामला भोक! दिवाळीच्या फराळाला दोघांना आता लांब लांब बसवतात.

गाडीने पन्नाशी ओलांडली तेव्हा कुणीतरी सुचवलं, व्हिंटेज नोंदणी करून टाका. 2021 च्या नियमानुसार पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाडीला 20,000 रुपये भरून 'व्हीए' अक्षरांचा खास नंबर मिळतो. पद्मिनीकरांनी नियम शेवटपर्यंत वाचला. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते.

"म्हणजे मंडईत न्यायची नाही? मग ती गाडी कसली?" ते भडकले.

"दुरुस्तीला नेता येते ना?" काकू म्हणाल्या, "मग आपल्याला काय फरक पडतो?"

फरक पडतो असं पद्मिनीकरांचं मत. म्हणून ते दर पाच वर्षांनी आरटीओत साध्या गाडीसारखी फेरनोंदणी करतात, हरित कर भरतात, इन्स्पेक्टरला हॉर्न वाजवून दाखवतात. 2022 च्या एप्रिलमध्ये फेरनोंदणीची फी 600 वरून 5,000 झाली, तेव्हा काकूंनी वही मागितली. पद्मिनीकरांकडे खर्चाची वही आहे. प्लग, बुश, क्लच प्लेट, पत्र्याचं काम, सगळं तारीखवार लिहिलेलं. एकाही पानाखाली बेरीज नाही. बेरीज मांडली की छंद बुडतो, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

या माणसाला हसावं तेवढं थोडं. पण नव्या गाडीचा आरसा बिघडला तर आपण अख्खा सेट बदलतो आणि बिल बघून गप्प बसतो. पद्मिनीकर बिघडलेली वस्तू आधी उघडून बघतात. निम्म्या वेळा ती चालू होते. उरलेल्या निम्म्या वेळा पेटीत काहीतरी सापडतं. लग्नाच्या हॉलवर व्हॅले पार्किंगचा पोरगा किल्ली घेऊन दोन सीटच्या मध्ये गिअर शोधत बसतो, तेव्हा स्टिअरिंगजवळचा दांडा दाखवून त्याला शिकवणारेही तेच.

तेव्हा पद्मिनीकर कधी रस्त्यात बॉनेट उघडून उभे दिसले, तर त्यांना लिफ्ट देऊ नका. इलेक्ट्रिक गाडी घ्या, हा सल्ला तर चुकूनही देऊ नका. खाली उतरा, बाह्या सरसावा आणि मागून धक्का द्या. सेकंड गिअरला सुरू होते.