बाणवाले

एमआयडीसीच्या कामगारांसाठी भाड्याच्या खोल्या बांधणं हा नगर-पुणे रस्त्यावरच्या सुप्यातला सध्याचा एक जोडधंदा. त्यामुळे आळीतला पोरगा पुण्यात आर्किटेक्ट झाल्याची बातमी फुटली, तेव्हा खोल्यांचा प्लॅन काढून घ्यायला दोघं-तिघं त्याच्या दारात हजर झाले. त्यानं अदबीनं सांगितलं, की मी सॉफ्टवेअरचा आर्किटेक्ट आहे, घरं बांधत नाही.

"मग सॉफ्टवेअर बांधता?"

तेही नाही. ते दुसरे बांधतात, मी त्याचं चित्र काढतो. पाहुण्यांनी चहा संपवला आणि विषय पावसावर नेला.

लॉकडाऊनमध्ये हिंजवडीची नोकरी पिशवीत घालून गावी आलेली आणि मग आठवड्यातून एखाद-दुसऱ्या दिवसापुरतीच पुण्याला जाणारी ही जमात आता नगर-पुणे रस्त्याच्या दोन्ही अंगांना रुजली आहे. गावानं त्यांना नाव दिलंय बाणवाले. माडीवर पंख्याखाली बसायचं, पडद्यावर चौकोन काढायचा, शेजारी दुसरा काढायचा आणि दोघांच्या मध्ये बाण मारायचा. बाण उलटा पडला म्हणून रात्री दोनलाही दिवा चालू.

गरज खोटी नाही. बँकेचं किंवा ऑनलाइन दुकानाचं सॉफ्टवेअर हा एक प्रोग्राम नसतो. शेकडो लहान प्रोग्राम रात्रंदिवस एकमेकांना निरोप पाठवत असतात, आणि तो सगळा पसारा एकाच्या डोक्यात मावत नाही. मग चित्र काढावं लागतं. ही खोड मुळात कारखान्यातली. 1921 साली फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या जोडप्यानं अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनिअरांपुढे कामाच्या टप्प्यांचा तक्ता मांडला. आपल्या एमआयडीसीत मशीनशेजारी चिकटवलेला प्रोसेस चार्ट त्याच कुळातला. पुढे सॉफ्टवेअरवाल्यांत प्रत्येक गुरूची चिन्हं वेगळी झाली. ग्रेडी बूच तर चौकोनाऐवजी ढग काढायचे. शेवटी बूच, रम्बॉ आणि जेकबसन या तिघांनी दिलजमाई करून यूएमएल ही एकच चित्रभाषा रचली आणि 1997 मध्ये तिच्यावर प्रमाणभाषेचा शिक्का बसला. आज तिच्यात आकृत्यांचे 14 प्रकार आहेत. बाणवाल्याला चौदाही पाठ असतात. वापरतो दोन.

त्याचा खरा जीव असतो चित्र काढायच्या हत्यारांत. व्हिजिओ म्हटलं की तो नाक मुरडतो. ते साहेब लोकांचं. ड्रॉ डॉट आयओ फुकट, म्हणून चालतं. पण प्लांटयूएमएल आणि मर्मेडचं नाव निघालं की त्याचा चेहरा उजळतो. त्यात चित्र काढायचंच नाही! 'अमुक तमुकला विचारतो' असं मजकुरात लिहायचं, आकृती आपोआप तयार. मजकूर कोडशेजारीच ठेवता येतो, कोणी काय बदललं तेही दिसतं. सोय मोठीच आहे. अडचण इतकीच, की कुठला चौकोन कुठं बसवायचा हे मर्मेड ठरवतं, आणि बाणवाल्याला तो दोन बोटं डावीकडं हवा असतो. ही दोन बोटं सरकवण्यात त्याचा अख्खा शनिवार जातो. हरला, की एक्सकॅलिड्रॉ उघडतो. त्यातल्या रेघा मुद्दामच हातानं काढल्यासारख्या वाकड्या. वाकड्या रेघेला 'हे फायनल का?' असं कोणी विचारत नाही, हा त्यातला मोठा आधार.

मीटिंगमध्ये ही आकृती सगळे पाहतात, 'छान' म्हणतात आणि वाचत कोणी नाही. कुणाच्या तरी टेबलाखालचं जुनं मशीन रोज पहाटे फायली उचलून देतं, म्हणून कंपनी चालते. ते मशीन आकृतीत नसतं. माझा भरवसा एमआयडीसीतल्या इलेक्ट्रिशियनवर जास्त. पॅनेलच्या दाराआत कळकट प्लास्टिकच्या पाकिटात त्याचं वायरिंग ड्रॉइंग असतं. छापील रेघ खोडून पेनानं दुसरी मारलेली, शेजारी तारीख आणि सही. रात्रपाळीला लाइन बंद पडली तर माणसं हाच कागद उलगडतात.

बाणवाल्याची कसोटी लागली ती घरच्या विहिरीवर. विहीर एक, वाटेकरी तीन: वडील आणि दोन चुलते, तात्या नि काका. दोन चुलत्यांचं आपसात बोलणं नाही. शेतीची थ्री-फेज लाइट आठवडाभर दिवसा, आठवडाभर रात्री. त्यात पाण्याच्या पाळ्या, त्यात भांडणं. पोरानं लॅपटॉप उघडला आणि रीतसर सिक्वेन्स डायग्राम काढली. वर एका ओळीत तात्या, काका, वडील, स्टार्टर, दोन मोटारी. खाली बाणच बाण. दुसऱ्या मोटारीभोवती लाल रेघ आणि शेरा: अनावश्यक, काढून टाकणे.

तात्यांनी चष्मा लावला.

"एकच मोटार ठिवली, तर बटण दाबायच्या आधी मला त्याला इचारावं लागंल."

"हो ना तात्या, तेवढंच."

"तेवढ्यासाठीच तर दुसरी घेतली."

गंमत अशी, की संगणकतज्ज्ञ मेल्विन कॉनवे यांनी 1968 च्या एका लेखात हेच मांडलंय: संस्थेत माणसांचं एकमेकांशी जसं बोलणं, तशीच तिथं घडणाऱ्या यंत्रणेची ठेवण. बाणवाला हा नियम ऑफिसात दर आठवड्याला कुणाला ना कुणाला ऐकवतो. बांधावर तोच नियम त्याच्या समोर धोतर नेसून उभा होता, तरी ओळख पटली नाही.

तात्यांचं बोट कागदावरून फिरतच होतं. "यात डीपी कुठंय?"

डीपी काढला.

"आन् वायरमन?"

वायरमनही काढला. त्याच्याकडे जाणारा बाण सरळ रेघेचा, त्याच्याकडून परत येणारा तुटक रेघेचा.

"ही तुटकी कशापायी?"

"सरळ रेघ म्हणजे आपण मारलेली हाक, तात्या. तुटक म्हणजे त्याचं आलेलं उत्तर."

"मग ती आत्ताच नको मारू," तात्या म्हणाले. "दिवाळीची पोस्त देऊन बघू, मग मार."